ढाणकीचा सायलेन्सर

कुठलीही गाडी दारात आली की मिस्त्री आधी तिच्या मागं जाऊन उकिडवे बसत, डोळे मिटत आणि हुंगत. गाडीचा आवाज ते नंतर ऐकत. मालकाचं म्हणणं त्याच्याही नंतर. "थांबा, आधी हुंगू द्या," असं ते म्हणाले की नवा माणूस हसायचा, नाहीतर चिडायचा. मी चिडलो होतो.

असा एखादा कारागीर तुम्हीही पाहिला असेल. पाटी नाही, छप्पर अर्धंच, आणि सगळा तालुका त्याच्याकडे. यांचं दुकान ढाणकीच्या बाजाराला लागून होतं. मूळ काम टिनाचं: बादल्या, नरसाळी, कंदिलाच्या टाक्या. माणूस जवळच्या तांड्यावरचा, बंजारा. त्यांचे आजोबा बैलांच्या पाठीवर मीठ वाहत. "त्याइचे बैल, माह्या गाड्या," असं ते म्हणत, आणि आपणच हसत.

एकोणीसशे साठच्या आसपास मी उमरखेडला डॉक्टरकी करत होतो. कापसाची सरकी काढायचा जिन चालवणाऱ्या एकानं भरपूर वापरलेली मोटार मी घेतली, तिचा सायलेन्सर वर्षभरात गंजून फाटला. यवतमाळच्या वर्कशॉपनं सांगितलं, नवा नागपूरहून मागवावा लागेल, आणि या जुन्या गाडीचा तिथंही मिळेल की नाही शंका आहे. जी किंमत सांगितली तेवढी माझ्या मते अख्ख्या गाडीचीही नव्हती. मग उमरखेडच्या एका सायकलवाल्यानं रॉकेलचा डबा चेपून सायलेन्सरभोवती तारेनं आवळून दिला. गाडी त्यानंतरही इतकी गर्जायची की मी वेशीत शिरायच्या आधीच गावात रोगी गोळा होत. मला त्याची गंमतच वाटे.

एकदा पौषात ढाणकीच्या पलीकडच्या एका गावाहून बोलावणं आलं. पहिलटकरीण, दोन दिवस कळा देत होती. तिला उमरखेडच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. सकाळची वेळ, बोचरं वारं. मागच्या सीटवर तिला आडवं केलं, उशाशी तिची सासू बसली. थंडी लागू नये म्हणून सासऱ्यानं मागच्या खिडक्यांना लुगडी बांधली आणि तो माझ्या शेजारी बसला. आमच्या दोघांच्या खिडक्या उघड्याच होत्या.

अर्ध्या वाटेत पोरीचं कण्हणं थांबलं. मी गाडी थांबवून नाडी पाहिली. ती जलद होती. पोर हाकेला ओ देईना. रक्त कमी आहे, अंगात त्राण उरलं नाही, असा मी निष्कर्ष काढला आणि गाडी आणखी जोरात सोडली. ढाणकीत शिरताना सायकलवाल्याची तार तुटली आणि सायलेन्सर रस्त्यावर घासायला लागला. कुणीतरी मिस्त्रींच्या दुकानाकडे बोट दाखवलं.

ते आले आणि गाडीमागं बसले.

"अहो, बाई अडलेली आहे आत! तार बांधा, मला जाऊ द्या," मी ओरडलो.

"थांबा, आधी हुंगू द्या." मग ते उठले, मागचं दार उघडून त्यांनी आत डोकं घातलं आणि तसंच बाहेर काढलं. "डाक्टरसाहेब, म्हातारी पन बिमार हाय काय?"

मी पाहिलं. सासू डोकं दाबून वाकली होती आणि ओकत होती.

"दोघी एकाच वक्ती कशा बिमार पडल्या?" त्यांनी विचारलं.

गाडीच्या धुरातला वायू बंद जागेत साठला की माणसाला गुंगी येते, मग मरण, हे पुस्तकात मी सगळं वाचलेलं होतं. पण त्या क्षणापर्यंत मला ते आठवलं नव्हतं.

पुढचं मला दुरूनच पाहिल्यासारखं आठवतं. मिस्त्रींनी आणि मी पोरीला उचलून बाहेर काढलं. निंबाखाली पोतं टाकून ठेवलं. "वाऱ्याले राहू द्या, गर्दी नोका करू," म्हणत त्यांनी माणसं हटवली. पोरीला ते "याडी, डोळे उघड" म्हणत राहिले. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

"या गाडीत आता नाही," मिस्त्री म्हणाले. ते हातोड्यासकट रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि उमरखेडची एसटी थांबली. ती का थांबली हे ड्रायव्हरच्या चेहऱ्यावरून कळत होतं. त्या संध्याकाळी दवाखान्यात मुलगी झाली. आई, मूल दोघंही सुखरूप.

दोन दिवसांनी मी गाडी आणायला गेलो. धुराची नळी इंजिनजवळच चिरली होती, आणि मागच्या सीटखालचा पत्रा कुजून तिथं हात जाईल एवढं भोक पडलं होतं. मिस्त्रींनी जिनाच्या मोडीतला नळीचा तुकडा पितळेनं सांधून बसवला होता, तळाला नवा पत्रा ठोकला होता. त्यांनी जे मागितलं तेवढ्यात वर्कशॉपवाल्यानं बॉनेटही उघडलं नसतं.

"तुम्हाला हे कसं कळलं?" मी विचारलं.

"जिनावर कामाले होतो. थंडीत खोलीत शेगडी ठेवून आमी दोघं भाऊ झोपलतो." त्यांनी हात पुसले. "मी दाराकडून होतो."

बाईची चौकशी त्यांनी एकदाच केली. बरी आहे म्हटल्यावर मान हलवली. झाला प्रकार त्यांनी कुणाला सांगितला नाही. मीही सांगितला नाही. त्या घरचे लोक दरवर्षी नव्या तुरीची डाळ आणून देत, डॉक्टरांनी पोरगी वाचवली म्हणत. मी ती डाळ ठेवून घेत होतो.

सहा-सात वर्षांनी एका बाजारच्या दिवशी ढाणकीला गेलो तर मिस्त्रींचं दुकान बंद. शेजारच्या दुकानदारानं सांगितलं, चार दिवस झाले, छातीत दुखलं आणि संपलं. मी तिथंच उभा होतो, तेवढ्यात बाजाराला आलेला तो सासरा भेटला.

"नात शाळेत जाऊन राह्यली, डाक्टरसाहेब. तुमची कृपा."

"माझी नाही," मी म्हणालो आणि त्याला सगळं सांगितलं. धूर माझ्या गाडीचा होता, ओळखला त्या माणसानं. सांगताना बाजारातली चार माणसंही थांबून ऐकत होती. सासऱ्यानं हातातली पिशवी खाली ठेवली.

"एवढे दिवस काहून नाही सांगितलं?"

मिस्त्रींची बायको तांड्यावर असते, एवढंच मी म्हणालो.

"तांडा कुठं हाय थो?" त्यानं विचारलं.

आम्ही दोघं चालत गेलो. मिस्त्रींची बायको अंगणात बसली होती. त्यानं पागोटं काढून हातात घेतलं आणि जसं ऐकलं तसं तिला सांगितलं. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. माझ्याकडे तिनं एकदा पाहिलं, मग त्याच्याकडे.

"पोरीचं नाव काय ठेवलं?"

"सुभद्रा."

तिनं ते नाव हळूच आपल्याशी म्हणून पाहिलं, आणि आम्हाला बसायला घोंगडी आणण्यासाठी आत गेली.