पत्रलेखनाचा तक्ता

‘भिंतीकडं बघ.’

पोरानं काहीही विचारलं तरी गुरुजींचं उत्तर एवढंच. हातातली पट्टी खांद्यावरून मागं जायची आणि मान न वळवता नेमकी त्या तक्त्यावर टेकायची, जिथं उत्तर असायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, योगायोग असेल. मग महिनाभर मुद्दाम पाहिलं, पट्टी एकदाही चुकली नाही. तुम्हीही असा एखादा मास्तर पाहिला असेल, ज्याला वर्गातल्या पोरांपेक्षा वर्गाच्या भिंती जास्त पाठ असतात. आमचे गुरुजी त्या जातीतले, आणि त्यांना स्वतःला ते पक्कं ठाऊक होतं.

आटपाडीपासून दहा-बारा किलोमीटरवरची वाडी, दोन शिक्षकांची शाळा. मी कृष्णाकाठचा, घरी ऊस. पहिलीच नेमणूक या कोरड्या मुलखात झाली म्हणून तोंड पाडून हजर झालो. गुरुजींनी माझे कागद बघितले आणि विचारलं, ‘‘ऊस किती?’’

‘‘चार एकर.’’

‘‘हितं ऊस न्हाई, पाणी न्हाई. पोरं हायत, ती बी वाळल्याली. ऱ्हाताय?’’

राहिलो. त्या दिवसापासून मी त्यांचा ‘उसाचं पाव्हणं’ झालो. माझं लिहिणं त्यांना पसरट वाटायचं. मी फळ्यावर लांब वाक्य लिहिलं की मागून आवाज यायचा, ‘‘पाव्हणं, बांध फुटला बघा.’’ पोरं खदाखदा हसायची. मला राग यायचा, पण पुढचं वाक्य आपोआप आखूड व्हायचं.

तक्ते ते स्वतः बनवायचे. विकतच्या तक्त्यांवर सफरचंद असतं, आगगाडी असते, टाय घातलेला बाप असतो. ‘‘हे पोरांनी कुठं बघितलंय? मग लिवणार काय, कपाळ?’’ ते विचारायचे. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स उतरवले की ते मागून आणायचे आणि पाठीमागच्या पांढऱ्या बाजूवर तक्ते करायचे. अक्षर माझं बरं, म्हणून लिहायचं काम माझ्याकडं आलं. मजकूर त्यांचा, हात माझा. सकाळी खिडकीतून ऊन आलं की ‘आणि, पण, म्हणून’च्या तक्त्यातून कुणातरी भावी आमदाराचे दात चमकायचे.

सगळे तक्ते लिहिण्याचे. वाक्य कुठं थांबवायचं त्याचा एक. ‘कोण, कुठं, केव्हा, काय, का’ असा पाच प्रश्नांचा एक. डाळिंबाच्या बागेचं मोठं चित्र आणि खाली रिकाम्या रेघा असलेला एक. आणि दाराजवळ बंदी घातलेल्या शब्दांचा तक्ता. त्यात सगळ्यात वर ‘छान’ होता.

आता त्यांचा दुष्टपणा सांगतो, कारण तो लपवून त्यांचं चित्र काढता येणार नाही. एका पोरानं लिहिलं, ‘माझी शाळा खूप छान आहे.’ गुरुजींनी त्याला बाहेर काढलं. ‘‘जा, काय छान हाय ते हुडकून आण.’’ पोरगं तासभर उन्हात शाळेभोवती फिरत होतं. शेवटी दारात येऊन रडत म्हणालं, ‘‘कायच न्हाई छान, गुरुजी.’’

‘‘मग तसं लिव्ह,’’ गुरुजी म्हणाले आणि त्याला आत घेतलं.

त्यांनी पोरावर हात उचललेला मी पाहिला नाही. गरजच नसायची. तक्त्यांच्या खाली एक दोरी बांधली होती. आठवड्यातलं सगळ्यात वाईट पान वहीतून फाडून, कपडे वाळत घालायच्या चिमट्यानं ते दोरीला लावायचे, नाव दिसेल असं. शनिवारपर्यंत ते तिथंच. खिचडीच्या वेळी आलेल्या आया ते वाचायच्या. एका पोरानं मधल्या सुट्टीत आपलं पान काढून चावून खाल्लं. गुरुजींना कळलं तेव्हा म्हणाले, ‘‘बरं झालं. डोक्यात न्हाई, पोटात तरी गेलं.’’ मी पोट धरून हसलो होतो. पोरगं दोन दिवस शाळेत आलं नाही.

पण पोरं लिहायची. चौथीतली पोरगी विहिरीतला गाळ कसा काढतात ते आठ वाक्यांत अशी लिहायची की आपल्या हाताला चिखल लागावा. केंद्रप्रमुख दुसऱ्या शाळांतल्या शिक्षकांना भिंती दाखवायला आणायचे. सगळे तक्त्यांचे फोटो काढायचे. दोरीचा फोटो कुणी काढला नाही.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. ते म्हसवडकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. बाप बाजाराला नेऊन एका भिंतीला बसवायचा आणि संध्याकाळी न्यायला यायचा. समोरच्या भिंतीवर खताची, साबणाची, बियाण्याची जाहिरात. ते तीच दिवसभर बघत अक्षरं शिकले. ‘‘मला मास्तर न्हवता, भिंत हुती,’’ ते एकदा म्हणाले. ‘‘भिंतीला दया येत न्हाई, म्हणून शिकलो.’’

पत्रलेखनाचा तक्ता त्यांचा सगळ्यात लाडका. आमच्याकडची निम्मी पोरं आई-बापाविना राहायची. आई-बाप गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला, पार तमिळनाडूपर्यंत गेलेले. पोरं आजीकडं, चुलत्याकडं. फोन घरोघर होते, पण फोन चुलत्याचा आणि बोलताना चुलती शेजारी. म्हणून गुरुजींनी नेम ठेवला होता: दर महिन्याला तिसरी-चौथीच्या प्रत्येक पोरानं आई-बापाला खरं पत्र लिहायचं. आधी वहीत कच्चं, मग ते तपासून निळ्या आंतरदेशीय पत्रावर पक्कं. गुरुजी स्वतः ती आटपाडीच्या पोस्टात टाकायचे.

एकदा एका पोरानं लिहिलं, ‘आजी लय आजारी आहे.’ बाप भट्टी सोडून दोन दिवस रेल्वेत उभा राहून आला. आजी अंगणात शेंगा फोडत बसली होती. साधी सर्दी झाली होती. बापाचं काम गेलं आणि तो शाळेत येऊन गुरुजींपुढं रडला. त्यानंतर गुरुजींनी मला पत्राच्या तक्त्याखाली लाल रंगात एक ओळ लिहायला सांगितली: ‘तक्रार नको. वाचणारा लांब असतो.’ मी ती चांगली ठसठशीत लिहिली.

सानिका चौथीत होती. आई-बाप गलाईला, पोरगी चुलत्याकडं. हुशार, बारीक, सदा एका हातानं कान धरलेली. त्या कानातून पाणी यायचं आणि त्याला वास यायचा. तिच्या शेजारी कुणी बसेना म्हणून मी तिला खिडकीशी एकटीला बसवलं. वर्गाला बरं पडलं.

त्या महिन्यात पत्रांच्या दिवशी गुरुजींना तालुक्याला प्रशिक्षणाला जावं लागलं. जाताना म्हणाले, ‘‘पाव्हणं, कच्ची पत्रं तुमी तपासा. उद्या पोस्टात पडली पायजेत.’’ मला फार बरं वाटलं. तोवर त्यांनी पत्रांना मला हात लावू दिला नव्हता.

सानिकाच्या वहीत लिहिलं होतं: ‘आई, माझा कान दुखतो. रात्री झोप येत नाही. कानातून येतं त्याचा वास येतो म्हणून माझ्याजवळ कोणी बसत नाही. काकी म्हणते मी नाटक करते. तू ये. काकीला सांगू नको मी लिहिलं.’

मी चांगल्या शिक्षकासारखं शुद्धलेखन बघितलं. चूक नव्हती. मग मी लाल पेनानं ‘आई’च्या पुढचं सगळं खोडलं.

ती माझ्या टेबलाशी आली. ‘‘गुरुजी, तेवढं ऱ्हाऊ द्या की.’’

मी पट्टी उचलली, खांद्यावरून मागं नेली आणि म्हणालो, ‘‘भिंतीकडं बघ.’’

खरं सांगतो, म्हणताना मला मजा आली. पट्टी तक्त्यावर पडली नाही, खिडकीच्या गजावर आपटली. पोरं हसली. सानिका जागेवर जाऊन बसली आणि तक्त्यावरून पक्कं पत्र उतरवलं: मी येथे खुशाल आहे, अभ्यास चांगला चालू आहे, माझी काळजी करू नये. अक्षर फार सुरेख आलं होतं. मी खाली शेरा दिला, ‘उत्तम’.

पंधरा-वीस दिवसांनी ती तापानं फणफणली. आटपाडीच्या डॉक्टरनं कान बघितला आणि त्याच गाडीनं मिरजेला पाठवलं. कानामागचं हाड आतून सडलं होतं. ऑपरेशन झालं, जीव वाचला. कान गेला. चेहऱ्याची शीरही गेली. डावी बाजू खाली लोंबली, डोळा मिटेना, हसली की तोंड एकीकडं जाई. नऊ वर्षांची पोरगी.

बाप तमिळनाडूतून थेट मिरजेला उतरला होता. आठवड्यानं तिचे कपडे न्यायला वाडीत आला आणि तसाच शाळेत शिरला. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत निळं पत्र. आम्ही दोघं एकाच वर्गात होतो, पोरं समोर.

‘‘आवं गुरुजी, ह्यात खुशाल लिवलंय,’’ तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. ‘‘पोरगी सांगती, तिनं कानाचं लिवलं हुतं. शाळंत खोडलं म्हणती. हे पत्र आलं तवा आमी पेढं वाटलं, पोरगी किती छान लिवती म्हणून. खोडलं कुणी?’’

मी तोंड उघडलं, असं मला आठवायला आवडलं असतं. मी हजेरीपटाकडं बघत होतो.

‘‘मी,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘तक्ता माझा हाय. मी खोडलं.’’

बापानं त्यांच्या थोबाडीत मारली. चष्मा उडून पहिल्या रांगेत पडला. एका पोरीनं तो उचलून दिला. गुरुजींनी तो सदऱ्याला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पोरांना म्हणाले, ‘‘बघताय काय? लिवा.’’ बाप दाराला धरून रडत उभा होता. मी त्याला पाणी दिलं. तेवढं मी केलं.

चौकशी झाली. गुरुजींनी तेच लेखी दिलं, चार आखूड वाक्यांत. त्या दिवशी ते प्रशिक्षणाला होते हे कुणी ताडून पाहिलं नाही, पोरांनाही कुणी विचारलं नाही. माझा जबाब घ्यायला आलेल्या साहेबाला मी म्हणालो, त्या दिवसाचं मला नीट आठवत नाही. आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी त्यांचा प्रस्ताव मीच रात्री जागून तयार केला होता. तो परत आला. निवृत्तीला दोन वर्षं होती.

त्यांनी मला का वाचवलं, मला अजून ठरवता आलेलं नाही. कधी वाटतं, माझी सारी नोकरी पुढं होती म्हणून. कधी वाटतं, आपल्या भिंतीवरचा गुन्हासुद्धा दुसऱ्याच्या नावावर गेलेला त्यांना सोसला नसता. विचारायचं धाडस झालं नाही. त्यांनीही विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी आलो तेव्हा त्यांनी ब्लेडनं पत्राच्या तक्त्याची लाल ओळ कापून काढली होती आणि दोरीही सोडली होती. मला म्हणाले, ‘‘सर, हजेरी घ्या.’’

सर. त्यानंतर त्यांनी मला कधी पाव्हणं म्हटलं नाही. मी फळ्यावर मुद्दाम लांबलचक वाक्यं लिहिली. मागून आवाज आला नाही. इतकी वर्षं लोकांनी मला नाही नाही ते ऐकवलंय, पण त्या ‘सर’नं जेवढं लागलं तेवढं कशानं लागलं नाही.

दर रविवारी ते एसटीनं मिरजेला जायचे. सानिकाची आई त्यांना आत येऊ देत नसे. ते वॉर्डाबाहेरच्या बाकावर दुपारपर्यंत बसायचे आणि परत यायचे. हे मला कंडक्टरकडून कळलं. मी मिरजेला एकदाही गेलो नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी म्हसवडच्या बाजूला बदली मागून घेतली. निरोपाला त्यांनी नारळसुद्धा घेतला नाही.

सानिका पाचवीला दुसऱ्या शाळेत गेली. जाईपर्यंत ती माझ्या वर्गात होती. कुणी खोडलं ते तिला माहीत होतं आणि गुरुजींनी काय कबूल केलं तेही. ती मला रोज ‘नमस्ते गुरुजी’ म्हणायची. ती घरी का बोलली नाही, हेही मी विचारलं नाही. मी बऱ्याच गोष्टी विचारल्या नाहीत, हे तुमच्या एव्हाना ध्यानात आलं असेल.

गेल्या महिन्यात शिक्षकांच्या ग्रुपवर गुरुजींचा फोटो आला आणि खाली हात जोडल्याच्या खुणांची रांग लागली. झोपेत गेले होते. मीही हात जोडल्याची खूण टाकली.

त्याच संध्याकाळी शाळा सुटल्यावर सानिकाच्या बापानं रस्त्यात हाक मारली. तो आता गलाई सोडून डाळिंब करतो. चहाला थांबवलं, पडवीत खुर्ची टाकली.

‘‘थोरलं गुरुजी गेलं म्हणं,’’ तो म्हणाला.

‘‘हो.’’

‘‘मेल्या माणसाला बोलू न्हाई. पर माझ्या मनातनं जाईना बघा. त्या दिवशी तुमी मला पाणी दिलं, ते मी अजून इसरलो न्हाई. तुमच्या हातात पडलं असतं ना ते पत्र, तर माझ्या पोरीचं असं झालं नसतं.’’

सानिका चहा घेऊन आली होती. नववीत आहे. ऐकू येणारी बाजू आमच्याकडं करून ती उभी राहिली, बापाचं बोलणं संपेपर्यंत. मग तिनं बशी माझ्यापुढं धरली आणि माझ्याकडं बघत राहिली. डावा डोळा तिला मिटता येत नाही. उजवाही तिनं मिटला नाही.

मी कप उचलला आणि म्हणालो, ‘‘साखर जरा कमी चालली असती.’’