'टेस्ट' नावाची वस्तू आणि माझं पहिलं गिऱ्हाईक

मागच्या मंगळवारी आमच्या कोलार रोडच्या घरात नवीन दुकान उघडल्यासारखा आनंद होता. माझ्या वेबसाइटवर एकदाचं ऑनलाइन पेमेंट सुरू झालं होतं...

मी आणि सासूबाई बाळांची सुती दुपटी आणि टोपडी शिवून विकतो. आतापर्यंत लोक क्यूआर कोडवर पैसे पाठवायचे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट. कुठला स्क्रीनशॉट कुणाचा, हे शोधण्यातच आमची संध्याकाळ जायची. म्हणून पेमेंट गेटवे घेतला... यूपीआय, कार्ड, नेट बँकिंग, सगळं एकाच पानावर.

चालतंय का ते बघायला मी एक रुपयाची 'टेस्ट' नावाची वस्तू साइटवर टाकली. नवऱ्याने ती कार्डाने घेतली, नणंदेने यूपीआयने. सगळं झकास! आणि त्या आनंदात ती वस्तू काढायचीच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑर्डर आली. 'टेस्ट', नग एक. पत्ता आमच्याच शहरातल्या बरखेड्याचा, नाव अनोळखी... साइटवरचं पहिलंच बाहेरचं गिऱ्हाईक आणि द्यायला वस्तूच नाही!

सासूबाई म्हणाल्या, "पैसे आलेत ना? मग आधी फोन कर त्यांना."

आमच्या शहरात बोलणं हिंदीतच, म्हणून मी भीत भीत हिंदीत सुरुवात केली, "सर, वो आइटम ग़लती से रह गया था..." पलीकडून चक्क हसू. "मराठी का तुम्ही? मग मराठीतच बोला की. ती वस्तू नाहीये, हे माहीत होतं मला."

हे वानखेडे काका. कारखान्यातून रिटायर झालेले. काकू होत्या तोवर सगळी खरेदी त्याच बघायच्या, आता घरात काका एकटेच. ऑनलाइन पैसे भरायची त्यांना भयंकर धास्ती... माझ्या साइटवर एक रुपयाची वस्तू दिसली आणि त्यांनी ठरवलं, सराव इथेच करायचा.

"बुडाला तर रुपयाच बुडेल, म्हटलं. पोचला ना बरोबर?"

"पोचला काका. आता परत करते."

"थांबा थांबा! कसा परत करता ते सांगत सांगत करा. तेही कळायला हवं मला."

आता गंमत अशी, की रिफंड मीही कधी केला नव्हता. मग फोन स्पीकरवर ठेवला. मी एकेक बटण वाचत गेले, काका तिकडून "हं... पुढे?" करत गेले. शेवटी त्यांच्या मोबाइलवर मेसेज वाजला आणि ते केवढ्यांदा ओरडले, "आला! रिफंडचा मेसेज आला!" सासूबाईंनी तर टाळ्याच वाजवल्या.

रुपया खात्यात जमा झाला त्या दिवशी काकांनी आवर्जून कळवलं. आणि त्याच संध्याकाळी साइटवर त्यांचीच नवी ऑर्डर... सहा दुपटी, दोन टोपडी. कुणालाही न विचारता, यूपीआयने पूर्ण पेमेंट.

सूचनेच्या रकान्यात लिहिलं होतं, "मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते आहे. आई नाही म्हणून काही कमी पडलं, असं तिला वाटायला नको."

सासूबाईंनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि लगेच मशीनवर बसल्या. रविवारी आम्ही दोघी स्वतः बरखेड्याला जाऊन दुपटी देणार आहोत... पहिलं गिऱ्हाईक असं मिळायला नशीब लागतं.