उसातला खुनी आणि निळा शर्ट

खुनाचे सिनेमे पाहताना मला भीती वाटत नाही, हे मी कॉलेजात असल्यापासून लोकांना ऐकवत आलोय. मुखवटा घातलेला माणूस सुरा घेऊन पोरापोरींच्या मागे लागतो, त्या जातीचे सिनेमे. त्यातही माझे लाडके ते, ज्यांतल्या पात्रांनी स्वतःच असे ढीगभर सिनेमे पाहिलेले असतात. ‘मी लगेच आलो’ म्हणणारा परत येत नाही, खुनी पडला म्हणून त्याच्याकडे पाठ करायची नाही, हे सगळे नियम त्यांना तोंडपाठ. ती त्यावर विनोद करतात आणि तरीही एकेक करून मरतात. सिनेमा स्वतःचीच टिंगल करतो आणि आपण त्याच्या कटात सामील असल्यासारखे खूश होतो. मी तर जरा जास्तच खूश व्हायचो. बाकीचे घाबरतात, आपल्याला खाचाखोचा कळतात, असा माज होता मला.

गेल्या हंगामात तसाच एक वीस मिनिटांचा सिनेमा आम्ही चार मित्रांनी आमच्या उसात काढला. गाव राहुरीकडचं, पाटपाण्याचं. उसात शिरलेली चार शहाणी पोरं आणि त्यांच्यामागे कोयतेवाला खुनी. रात्री शूटिंग करायला कुणाच्याच घरून परवानगी नव्हती, म्हणून एकाच्या तोंडी वाक्य घातलं, ‘भरदुपारी कुणी मरत नसतं, बजेट नसेल तरच.’ त्यावर आम्हीच लोळून हसलो.

खुन्याला कपडे हवे होते. तिसगावकडची तोडणीची टोळी आमच्याच शेतात पाचटाच्या कोप्या म्हणजे झोपड्या घालून राहिली होती. त्यात पंचविशीची एक बाई होती. ऊस तोडणाऱ्या बाया साडीवरून नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, नाहीतर उसाचं पान हातावर ब्लेडसारखं चालतं. तिचा शर्ट निळ्या चौकड्यांचा होता. शर्ट, डोक्याचा रुमाल आणि कोयता एका दुपारपुरता मागितला, तिनं हसत दिला. “आमाला बी दावा बरं का, दादा,” म्हणाली. ऊसतोड्याला खुनी दाखवला की बाहेरून आलेल्या माणसाला भिणाऱ्यांचीच टिंगल होईल, अशी आमची कल्पना. फार हुशारीची वाटली होती ती. आमच्या चौघांशिवाय ती कुणाला कळणार, हे कुणी विचारलंच नाही.

पूर्ण सिनेमा फारसा कुणी पाहिला नाही. त्यातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा तेवढा मोबाईलवर फिरला. उसातून निळा शर्ट बाहेर येतो, कोयता वर जातो, किंकाळी. विनोद सगळे गाळलेले. दोन-तीन गावं फिरून तो ‘सावध राहा, उसात एकटे जाऊ नका’ अशा मजकुरासह आमच्याच गावच्या ग्रुपवर परत आला. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला होता.

ती बाई रोज सकाळी तिची दीड वर्षाची पोर आमच्या ओट्यावर माझ्या आईजवळ सोडून ऊस तोडायला फडात जायची. आई पोरीला दूधभात भरवायची. तुकडा फिरल्यावर चार दिवसांनी आईनं तिच्या शर्टाकडे बोट दाखवून दोघींना अंगणातूनच परत पाठवलं. मी चिडलो.

“अगं, शूटिंगच्या दिवशी तूच आम्हाला पोहे करून घातलेस ना? खोटं आहे ते सगळं!”

“मला काय ठावं न्हाई व्हय?” आई म्हणाली. “तरी बी त्या शर्टात ती दारात आली की भ्या वाटतं. हातात कोयता असतो. मी काय करू?”

खोटं आहे हे माहीत असलं की माणूस भीतीतून सुटतो, या एका समजुतीवर माझा सगळा शहाणपणा उभा होता.

फडात गेलो. पोर बैलगाडीच्या सावलीत होती, कमरेला फडकं बांधून चाकाला अडकवलेली. गालावर पानाच्या दोन बारीक चिरा. मी त्या बाईला समजावू लागलो की आमचा हेतू अगदी उलटा होता, लोकांना विनोद कळला नाही. तिनं मोळी बांधता बांधता ऐकून घेतलं.

“गंमत हाय ते कळलं हुतं मला, दादा,” ती म्हणाली. “पन गमतीला माजाच शर्ट कशाला घेतला? तुमच्या घरात न्हवता का?”

होता. वडिलांचे चार जुने शर्ट कपाटात पडून होते. ते घ्यावेत असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

मी सिनेमा काढून टाकला, ग्रुपवर खुलासा लिहिला. त्याखाली कुणीतरी हसरे चेहरे टाकले. आईशी बोलायला मात्र मला आणखी दोन दिवस लागले. शरम वाटत होती आणि त्या टाळाटाळीला मी योग्य वेळेची वाट पाहणं म्हणत होतो. शेवटी पोरीच्या गालावरच्या चिरांचं तेवढं सांगितलं.

“मग हितं काय बसलास?” आई उठलीच. “जा, सांग तिला. पोरीला घिऊन ये म्हनाव.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. कोयता कुंपणाबाहेर ठेवून आली. अंगावर शर्ट नव्हता, नुसती साडी. मनगटापासून कोपरापर्यंत दोन्ही हातांवर लाल चिराच चिरा, काही ताज्या, काही खपली धरलेल्या. म्हणजे आईनं परत पाठवल्यापासून ती तशीच ऊस तोडत होती. मी फडात तिच्यासमोर उभा राहून एवढं बोललो, तेव्हाही ते हात तिथंच होते. मला दिसले नव्हते, मी माझा हेतू सांगण्यात गुंग होतो.

“आता न्हाई ना भ्या वाटत, मावशी?” तिनं आईला विचारलं. आई पोरीला कडेवर घेऊन आत गेली.

“अहो, पण शर्ट कुठंय?” मी म्हणालो. “घाला की तो.”

“हाय की पिशवीत. कारखाना बंद झाला की गावाकडं गेल्यावर घालीन,” ती म्हणाली. “तितं मला समदे वळखत्यात.”