विहिरीतला फेस

केशवरावांनी बादली माझ्या टेबलावर ठेवली, हात घालून पाणी ढवळलं आणि मागे सरकून उभे राहिले. पाण्यावर बोटभर जाड फेस आला.

"पाहा मॅडम. दुधालेबी एवढा फेस येत नाई."

"कुठलं पाणी आहे?"

"आमच्या विहिरीचं. बादली सोडली का फेस. ढोरं तोंड लावत नाई. तुमी फक्त लिहून द्या का पाण्यात साबण हाय. बाकीचं आमी पाहून घेतो."

तेव्हा मी वर्ध्याला पाणी तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेत केमिस्ट होते. ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी ठराविक असत. पाणी खारट लागतं, डाळ शिजत नाही, पोरांना हगवण लागली. फेस पहिल्यांदाच आला होता. 'बाकीचं आमी पाहून घेतो' हे मात्र मला नवीन नव्हतं. म्हणून मी त्यांना बसायला सांगितलं.

गाव हायवेवरच्या जाम फाट्याच्या पुढे, आडवळणाला. केशवरावांची विहीर नाल्याला लागून. नाल्यावर थोडं वर दगड होते, तिथे बौद्ध वस्तीतल्या बाया कपडे धुवायच्या. विहिरीला फेस आल्यावर गावाने ठरवलं, हा त्यांचाच साबण. पोळ्यापासून त्यांना नाल्यावर यायला बंदी होती. आता संक्रांत होऊन गेली होती.

"म्हणजे पोळ्यापासून तिथे कोणी धुत नाही?"

"नाई."

"मग आता फेस कसा येतो?"

"चोरून धुत असतीन."

"कोणी पाहिलं?"

"पाह्यलं नाई. पण फेस येते ना!"

मी टेस्ट लावली. पाण्यात एक निळा रंग घालायचा, त्यात क्लोरोफॉर्म घालून हलवायचं आणि बाटली स्थिर ठेवायची. पाण्यात धुण्याच्या पावडरीसारखं काही असेल तर रंग त्याला धरून खाली क्लोरोफॉर्ममध्ये उतरतो. तळ गर्द निळा झाला. म्हणजे केशवराव मागत होते तो कागद मी त्याच दिवशी देऊ शकले असते.

मी साहेबांकडे गेले. आमचे साहेब सावध गृहस्थ होते. सही करण्यापूर्वी पेन दोनदा झटकायचे.

"पॉझिटिव्ह आहे, मग द्या ना रिपोर्ट," ते म्हणाले.

"सर, ही टेस्ट एका जातीचे पदार्थ दाखवते. कोणता पदार्थ ते नाही सांगत. आणि धुणं बंद होऊन महिने झालेत."

साहेबांनी चष्मा काढला. "मॅडम, स्पष्ट बोलतो. तुमचं आडनाव पाहून गाव म्हणेल, आपल्या लोकांची बाजू घेतली."

"म्हणूनच तुम्ही स्वतः टेस्ट करा, सर. पहिली सही तुमची."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग उठले आणि अॅप्रन घातला. कित्येक वर्षांनी घातला असावा, बटणं लागेनात. तळ त्यांच्या हातूनही निळाच झाला.

आम्ही बाटल्या भरून ठेवल्या. एकीत विहिरीचं पाणी, दुसरीत साध्या पाण्यात बाजारातली धुण्याची पावडर. दोन्हींत प्रयोगशाळेमागच्या नाल्यातला चिमूटभर गाळ, कारण गाळातले जंतू साबण खातात. मधल्या काळात मी गावाला जाऊन आले.

वस्तीत सुभद्राबाई भेटल्या. मोठं कुटुंब, रोजचं ढीगभर धुणं.

"आता हापशीवरून डोक्यावर पाणी आणतो अन् आंगणात धुतो," त्या म्हणाल्या. "नाल्याचं तोंड पाह्यलं नाई. त्यायच्या विहिरीवर तर आमाले आधीबी येऊ देत नव्हते. मंग आमचा साबण कसा गेला तिथं?"

मी नाल्याच्या काठाने वर चालत गेले. धुण्याचे दगड मागे पडले, तरी काठाच्या गवताला फेस चिकटलेला होताच. वर गेल्यावर तारेचं कुंपण लागलं. आत एक तेलाचा डेपो आणि कुंपणाजवळ काळाठिक्कर जळका खड्डा.

सेफ्टी ऑफिसर नागपूरचे होते, अगदी अगत्यशील. चहा मागवला आणि खड्ड्याचं कौतुक सुरू केलं.

"मॅडम, डिझेलची आग पाण्याने विझत नाही, डिझेल पाण्यावर तरंगतं. म्हणून फोम. हर हफ्ते ड्रिल करतो आम्ही. खड्ड्यात डिझेल टाकायचं, पेटवायचं, फोम मारायचा. एकदम फर्स्ट क्लास माल आहे, इम्पोर्टेड."

"आणि नंतर तो फोम?"

"नंतर काय? वाहून जातो. साबणाचं पाणीच आहे."

त्यांनी मला मालाचं माहितीपत्रक दिलं. त्यात फ्लोरीनयुक्त संयुगं असल्याचं अभिमानाने छापलं होतं. उष्णतेने बिघडत नाही, तेलाने बिघडत नाही, वर्षानुवर्षं टिकतं. मी ते दोनदा वाचलं. फ्लोरीन आणि कार्बनची पकड रसायनशास्त्रातल्या सगळ्यात घट्ट पकडींपैकी एक. आग जिथे हरते, तिथे नाल्यातला जंतू काय करणार? पत्रकात गुण म्हणून जी यादी छापली होती, तीच माझी तक्रार होती.

मी निघताना त्यांनी खड्ड्यातल्या पाण्याचा नमुना स्वतःच्या हाताने भरून दिला. त्याचाही तळ निळा झाला.

काही आठवड्यांनी पावडरीच्या बाटलीतला फेस मेला. टेस्टमध्येही निळा रंग उतरेना. विहिरीच्या बाटलीत फरक नव्हता. साहेबांनी रिपोर्टवर लिहिलं, 'फेस धुण्याच्या पावडरीचा नाही. वरच्या बाजूच्या आगविरोधी फोमचा असण्याची दाट शक्यता.' पेन एकदाच झटकलं.

रिपोर्टवर मीटिंग वर्ध्यालाच, जिल्हा कचेरीत झाली. अध्यक्षस्थानी बसलेले अधिकारी रिपोर्ट चाळत म्हणाले, "फ्लोराइड तर मर्यादेत आहे."

"सर, ते वेगळं. हाडं वाकवतं ते फ्लोराइड आमच्या यंत्राला दिसतं. हे कार्बनला बांधलेलं आहे, ते दिसत नाही."

"याची मर्यादा किती?"

"ठरलेली नाही."

"मग ओलांडली असं कसं म्हणता?"

"मी तसं म्हणतच नाही, सर. ते पाणी पिऊ नये, एवढंच म्हणते."

"कोणत्या नियमाने?"

माझ्याकडे नियम नव्हता. त्यांच्याकडेही दुसरा प्रश्न नव्हता, म्हणून चहा आला.

शेवटी डेपोने आपण होऊन खड्डा डेपोच्या दुसऱ्या टोकाला हलवला. तिकडचं पाणी दुसऱ्या नाल्याला जातं. त्या नाल्यावर कोणतं गाव आहे, हे मी पुढच्या मीटिंगमध्ये विचारलं. मिनिट्समध्ये प्रश्न आला नाही.

रिपोर्ट ग्रामपंचायतीत वाचला गेला. वाचायला साहेब स्वतः आले होते. वाचून झाल्यावर केशवराव उठले, टोपी सारखी केली आणि सुभद्राबाईंकडे न पाहता म्हणाले, "बायांनी येत जावं नाल्यावर. आमचं काई म्हणणं नाई."

सुभद्राबाई माझ्याकडे वळल्या. "मॅडम, आता जाऊ का नाल्यावर?"

एवढी खटपट करून त्यांचा हक्क परत मिळाला होता, आणि मी म्हणाले, "नका जाऊ. ते पाणी चांगलं नाही."

त्या हसल्या. मग पदर तोंडाला लावून आणखी हसल्या. "म्हणजे आधी आमच्यानं नाला बाटला होता, अन् आता नाल्यानं आमी बाटतो." केशवरावांनाही हसू आलं, पण त्यांनी ते खोकल्यावर नेलं. त्यांची विहीर पुढे ओलितालाच राहिली. प्यायला त्यांच्या घरची माणसंही त्याच हापशीवर येऊ लागली.

मी रिटायर झाल्यावर, बऱ्याच उशिरा, या रसायनांची नावं वर्तमानपत्रात येऊ लागली. बाहेरच्या देशांत मर्यादाही ठरल्या. ते वाचून मला आनंद झाला नाही, आश्चर्यही वाटलं नाही.

त्या मीटिंगनंतर नोकरीत मात्र मी एक बदल केला होता. प्रत्येक रिपोर्टवर 'आढळले नाही' याच्या खाली 'तपासले नाही' अशी वेगळी ओळ टाकून त्यात न तपासलेल्या पदार्थांची नावं लिहू लागले. नंतरच्या एका साहेबांना ती खटकली. यामुळे प्रयोगशाळेची इमेज खराब होते, म्हणाले. मी त्यांना सांगितलं, सर, लोक पाणी पितात, इमेज नाही.

ओळ राहिली. ती दरवर्षी लांबत गेली.