हेल्मीच्या लग्नावर देशाचं मत

कोटका बंदरावर हेल्मीचं कॉफीघर होतं, पण दारूबंदीच्या काळात तिथे खपायचा तो कडक चहा. कपात चहा नावाला, बाकी सगळं समुद्रापलीकडच्या एस्टोनियाहून चोरून आलेलं स्पिरिट. ते आणायचा कुस्ता. कोटाखाली डबा लपवून मागच्या दारानं यायचा, किटलीत ओतायचा आणि दर वेळी हेल्मीला लग्नाचं विचारायचा.

"दारूबंदी उठू दे, मग बघू," ती म्हणायची. "तुरुंगात जेवण पोचवायला नवरा करू होय?"

मी शेजारीच मासे विकायचे. दोघीही चाळिशी ओलांडलेल्या, त्यामुळे तिच्या मनातलं सगळं मला कळतं असा माझा गैरसमज होता.

आणि एकतीस साल संपता संपता सरकारनं सार्वमत घेतलं! देशाला वाटलं, दारूबंदीवर मत द्यायचंय. आमच्या बंदराला वाटलं, हेल्मीच्या लग्नावर. खलाशी मत देऊन यायचे आणि तिला सांगायचे, "बाई, तुझं काम करून आलो!"

"तू कुठल्या बाजूनं दिलंस गं?" मी विचारलं.

"मत गुप्त असतं, सायमी. तुझ्या मासळीच्या वजनासारखं."

दहातल्या सात जणांनी बंदी उठवा म्हटलं. मग बत्तीस साल उजाडलं. फेब्रुवारीत मॅन्ट्साला गावी सरकारविरुद्ध बंड झालं, बंदुका घेऊन लोक जमले, देशाचा जीव टांगणीला लागला. आमच्याकडे एकच चिंता: आता लग्न लांबतंय की काय? बंड विझलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं.

एप्रिलच्या पाच तारखेला सकाळी दहाला दारूची दुकानं उघडायची होती. कुस्ता पहाटेच रांगेत. त्याच्या मागे जकातीचे लिंडरूस साहेब.

"इतकी वर्षं तुझ्या मागे धावलो," साहेब म्हणाले, "आज पहिल्यांदा तू एका जागी उभा दिसतोयस."

इकडे कॉफीघरात अर्धं बंदर गोळा झालं होतं. हेल्मीनं निळा झगा घातला होता आणि वेलचीचे गोड पाव भाजले होते. सगळ्यांचे डोळे पुढच्या दाराकडे. लिंडरूस साहेब बाटली मिरवत आले. कुस्ताचा पत्ता नाही.

"पळाला वाटतं," कुणीतरी म्हणालं. हेल्मीचा चेहरा एवढासा झाला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून गटगट आवाज आला. आम्ही धावलो. कुस्ता सरकारी दुकानातली बाटली कोटाखाली लपवून, मागच्या दारानं घुसून, मुकाट्यानं किटलीत ओतत होता!

"अरे शहाण्या, कायद्याची आहे ती!" मी ओरडले. लिंडरूस साहेब हसता हसता पिठाच्या पोत्यावर बसले. कुस्ता कानापर्यंत लाल झाला.

हेल्मी हसली नाही. "जा," ती म्हणाली. "पुढच्या दारानं ये."

तो गेला, वळसा घालून आला, दारावर चक्क टकटक केली. अर्धी उरलेली बाटली गल्ल्यावर ठेवली. टोपी हातात घेतली.

"आता तरी?"

"आधी ऐक," हेल्मी म्हणाली. "मी बंदी राहू दे, असंच मत दिलं."

पाव चावणारी तोंडं थांबली. माझंही.

"बंदी उठली की तुला इथे यायचं कारण उरणार नाही, अशी भीती वाटली रे मला."

कुस्ता टोपी चुरगाळत राहिला. "मीपण तेच दिलं," तो म्हणाला. "बंदी उठल्यावर तू नाही म्हणालीस तर मी काय करणार होतो? तोवर निदान 'मग बघू' तरी होतं."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. कडाक्याच्या थंडीत ज्यांच्यासाठी मत द्यायला गेलो, ते दोघेच आमच्या विरुद्ध!

"म्हणजे आपण दोघंही हरलो," हेल्मी म्हणाली. ती आता रडत होती आणि हसतही होती. "देशापुढे आपलं काय चालणार? हो म्हणते बाबा. हो."