सायकल तिची, पोटदुखी माझी

बाप जिवंत असल्यामुळे माझी सायकल गेली. हे मी घरात बोलून दाखवलं तेव्हा आईने हातातली पळी माझ्या अंगावर फेकली. पण त्यात खोटं काय होतं?

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. थळच्या कोळीवाड्यातून चौथी पास झालेल्या आम्ही दोघीच मुली, मी आणि शेजारची. गणित मला तिच्याहून चांगलं यायचं, हे ती स्वतःही नाकारणार नाही. पुढची शाळा अलिबागला. मुंबईच्या एका शेठने धर्मादाय म्हणून किनाऱ्यावरच्या गरीब मुलांना शाळेसाठी सायकली वाटल्या. त्या रेवसपर्यंत बोटीने आणि पुढे बैलगाडीने आल्या. आमच्या वाडीच्या वाट्याला एकच. तिचा बाप समुद्रात बुडून गेलेला, माझा दारापुढच्या खळ्यात जाळं विणत बसलेला. शेठने सायकल तिला दिली आणि मला म्हणाला, "आ छोकरी शाळेत नाय गेली, तर सायकल तुला."

माझे वडील म्हणाले, "अलिबागला पोरीनं एकटीनं चालत जायचं न्हाय. सायकल गावली तर बघू." म्हणजे माझी शाळा तिच्या दोन चाकांवर अडकली होती. मी तर शिकून मास्तरीण व्हायचं आणि आईच्या डोक्यावरची मासळीची पाटी कायमची उतरवायची, असं ठरवून बसले होते.

नवी होडी पाण्यात लोटावी तशी तिच्या आईने सायकलीची पूजा केली. नारळ फोडला, हळदकुंकू लावलं, आणि खाऱ्या वाऱ्याने गंजू नये म्हणून होडीला लावतात ते मुशी माशाचं तेल सगळ्या सांगाड्याला चोपडलं. वाडीतली मांजरं सायकलीमागे फिरायला लागली. मी पोट धरधरून हसले. हसून झाल्यावरही पोटात दुखतच राहिलं, तेव्हा ते दुखणं कसलं हे मला कळलं.

पडत-झडत ती शिकली. गुडघ्यापर्यंत कासोटा मारलेलं आमचं लुगडं सायकलीला फार सोयीचं. अलिबागच्या बामणांच्या बायका दारात येऊन तिला बघत, असं लोक कौतुकाने सांगत. ती निघाली की मी तोंड फिरवायची, आणि कान मात्र वळणापर्यंत तिच्या घंटीमागे जायचे. मी तिला पाण्यात पाहायला लागले.

पावसाळा सरला, होड्या पुन्हा दर्यात गेल्या आणि तिची शाळा सुटली. तिच्या आईचे गुडघे धरले होते. त्यामुळे पोरगीच मासळीची पाटी कॅरिअरला बांधून अलिबागच्या बाजारात जायला लागली. माझी आई डोक्यावर पाटी घेऊन चालत पोचेपर्यंत हिची मासळी खपलेली असे. आईच्या वाट्याला घासाघीस करणारी गिऱ्हाइकं उरत. आई घरी येऊन चुलीपुढे बोटं मोडायची, "चाकं आली न् माणुसकी गेली! आमी काय तंगड्या तोडून मरायचं?" मला ते ऐकून बरं वाटायचं. माझ्या जळफळाटाला घरातच सोबत मिळाली होती.

शेठ कधी येतो याची मी वाट पाहत होते. हरिहरेश्वराला मनातल्या मनात नारळही बोलले होते.

दिवाळीनंतर तो आला. सायकल तिच्या झोपडीच्या कुडाला टेकवलेली होती. शेठने वाकून बघितलं. कॅरिअरला खवलं चिकटली होती. नाकाला रुमाल लावून तो म्हणाला, "आ मच्छीचा वास कशाला?" मायलेकी खाली मान घालून उभ्या. माझी आई नुकतीच बाजारातून आली होती, रिकामी पाटी काखेत होती. शेठने तिलाच विचारलं, "तू सांग बाई. छोकरी शाळेत जाते ने?"

मी आईच्या तोंडाकडे बघत होते. सांग, मनात म्हणत होते, आता सांगून टाक.

"जाते की," आई म्हणाली. "रोज सकाळी माज्या म्होरून जाते. न् वास कसला, शेठ? गंजू नये म्हून मुशीचं तेल लावलंय. आमच्या होडीलाबी त्येच लावतो. खवलं म्हणाल तर आमच्या भातातबी गावतील."

शेठ हसला, आणि सायकल जिथे होती तिथेच ठेवून गेला.

घरी आल्यावर मी थयथयाट केला. "माजी शाळा तू घालवलीस! रोज तिच्या नावानं बोटं मोडतीस ना?"

आईने पाटी खाली ठेवली. "तिचा बा तुज्या बापाच्याच होडीवर व्हता. दोगं गेले व्हते, एक परत आला. आला तो आपला. आजून काय पायजे तुला?"

मला पटलं. पण पटल्याने पोटदुखी जात नाही, निदान माझी गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलगी सायकल घेऊन आमच्या दारात आली. तिने आईची पाटी घेतली, आपल्या पाटीवर चढवली आणि सुंभाने बांधली. ती सायकलवर बसली नाही. ढकलत आईच्या बाजूने चालू लागली. आई मोकळ्या डोक्याने निघाली होती. एरवी पाटीखाली मान ताठ धरून जाणारी बाई इकडेतिकडे बघत, मागे वळून हसत चालली होती.

सायकल गेली, शाळा गेली, ते मी सोसलं. पण आईच्या डोक्यावरची पाटी मी उतरवणार होते. ती तिने उतरवली, हे मला आजही सोसत नाही.