भूक त्यांच्या हातात नव्हती

मामांनी जेवण टाकलं तेव्हा मी आधी त्यांच्यावरच चिडले. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे.

मामा म्हणजे माझे सासरे. पूर्णेला रेल्वेत गँगमन होते, सगळी नोकरी रुळांवर, खडीत, उन्हात गेली. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, म्हणून रिटायर झाल्यावर ते आमच्याकडे परभणीला राहायला आले. माणूस खाणारा होता. दोन भाकरी, वर ठेचा, कांदा, वाटीभर येसराची आमटी. जेवताना एक शब्द बोलायचे नाहीत. ताट पुसून झालं की "झकास" म्हणायचे आणि उठायचे.

गेल्या वर्षी त्यांची एक भाकर कमी झाली. मग अर्धी उरायला लागली. मग ताट बघूनच "नको" म्हणायला लागले. तपासण्या झाल्या आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशनच्या पलीकडे गेलेला. दवाखान्यातले मोठे डॉक्टर दर वेळी फायलीत बघत एकच वाक्य सांगायचे, "खाऊ घाला, ताकद टिकली पाहिजे."

मी ते हुकमासारखं घेतलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. वेळापत्रक करायची मला सवयच. आठ वाजता पेज, दहाला अंडं, दुपारी मऊ भात, चारला दूध, असा कागद लिहून मी फ्रीजवर चिकटवला. शाळेतून आले की आधी भांडी बघायची. पेज तशीच, अंडं तसंच. मग माझा आवाज चढायचा. "मामा, सकाळी उठून मी हे कुणासाठी करते?" ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

त्यात माझी नणंद, ताई. ती सोनपेठला असते. दर रविवारी एसटीनं यायची, हातात डबा. बापाला भेटायच्या आधी स्वयंपाकघरात शिरायची आणि एकेक झाकण उघडून बघायची. "हाडं दिसायलेत बापाची. तू जातीस शाळेत, मग त्यांना विचारायला कोण हाय?" हे सगळं माझ्या नवऱ्यासमोर. नवरा फोन कानाला लावून अंगणात निघून जायचा. त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही.

एका रविवारी ताईंनी मटणाचा रस्सा आणला. डबा उघडताच मामांनी पंचा नाकावर धरला. ताई एका बाजूला बसल्या, मी दुसऱ्या. मी चमचा भरला आणि त्यांची हनुवटी धरली. होय, धरली. "तोंड उघडा मामा. लहान लेकरू आहात का?" त्यांनी तोंड उघडलं. रस्सा गालात धरून ठेवला आणि दुसऱ्या क्षणी सगळं बनियनवर ओकले. मग रडायलाच लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

"मी नाटक करायलोय का गं?" ते म्हणाले. "घास तोंडात गेला की त्याचा चिखल होतोय. भूक कुठं गेली ते मलाच समजंना."

"मनावर घेतलं की जाईल घास खाली," ताई म्हणाल्या. आणि मी मान डोलावली. एरवी आमचं कशातच जमत नव्हतं, त्यात मात्र जमलं.

पुढच्या आठवड्यात दवाखान्यात नेलं तर मोठे डॉक्टर रजेवर. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरबाई बसल्या होत्या. मामा शेजारच्या खुर्चीवर बसलेले असतानाच मी तक्रार केली, "मॅडम, हे मुद्दाम खात नाहीत."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मामांकडे वळल्या. "बाबा, भूक लागते का?"

आजार निघाल्यापासून तीन महिन्यांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. आम्ही विचारायचो ते "जेवलात का".

"न्हाई मॅडम. वासानं बी पोटात ढवळतंय."

मग त्या माझ्याशी बोलल्या. भूक पोटात लागते असं आपण म्हणतो, पण ती ठरते मेंदूत. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. पोट रिकामं झाल्याचा निरोप रक्तातून तिथं जातो, तिथल्या काही पेशी जाग्या होतात आणि आपल्याला जेवावंसं वाटतं. असा आजार झाला की शरीर त्याच्याशी झगडताना काही रसायनं रक्तात सोडतं, गाठीतूनही सुटतात. ती मेंदूपर्यंत पोचतात, भूक जागवणाऱ्या पेशींना गप्प करतात आणि पोट भरल्याचं सांगणाऱ्या पेशींना चेव आणतात. साध्या तापात दोन दिवस असं होतं, मग भूक परत येते. इथं ती रसायनं थांबतच नाहीत. चवही बिघडते, मळमळही त्यातूनच येते.

"ते हट्ट करत नाहीत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्हाला गच्च जेवण झाल्यावर कुणी अजून एक ताट खायला लावलं तर कसं वाटेल? त्यांना दिवसभर तसं वाटतंय. आणि या टप्प्यावर बळजबरीनं घातलेलं अंगाला लागतही नाही. मळमळीचं औषध देते. मागतील ते द्या, दोन चमचे का होईना."

मामा खाली बघत ऐकत होते. माझ्या डोक्यात जाळ झाला. "हे इतके दिवस आम्हाला कुणी का नाही सांगितलं?" मी जवळजवळ ओरडलेच. बाहेरच्या रांगेतली माणसं आत डोकावली.

"सांगायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. बस एवढंच. पाच मिनिटांचं बोलणं होतं. तेवढ्यासाठी एका म्हाताऱ्या माणसाचे तीन महिने आम्ही नासवले.

घरी आल्यावर फ्रीजवरचा कागद फाडला. "मामा, आजपासून तुम्हाला कुणी जेवा म्हणणार नाही."

"खरंच?" ते म्हणाले. एखाद्याची शिक्षा माफ व्हावी तसा चेहरा झाला त्यांचा.

त्याआधी ताटांचा आवाज आला की ते झोपेचं सोंग घ्यायचे. त्या संध्याकाळी आमची पानं मांडली तेव्हा आपणहून येऊन भिंतीला टेकून बसले आणि रुळावर सापडलेल्या घोरपडीची गोष्ट सांगत बसले. कधी बर्फाचा खडा मागायचे, कधी दोन घोट आंबील. मी द्यायचे आणि वाटी उचलून न्यायचे.

ताईंना हे कळलं तेव्हा त्यांनी घर डोक्यावर घेतलं. "विचारायचंच बंद केलंस? उपाशी मारायलीस माझ्या बापाला!" मी समजावून सांगायला गेले तर म्हणाल्या, "मेंदूबिंदू शाळेत शिकव." मी दारातच त्यांची वाट अडवून उभी राहिले. म्हटलं, "डबा बाहेर ठेवा, मग आत या. नुसतं बसा त्यांच्याजवळ." बऱ्याच वेळानं त्यांनी डबा पायरीवर ठेवला. आत जाऊन बापाचे पाय दाबत बसल्या.

थंडीत मामा गेले. जलदान विधीला पूर्णेहून, सोनपेठहून माणसं आली. बुद्धवंदना झाली, पंगती बसल्या. मी वरणाची बादली घेऊन फिरत होते आणि बायकांच्या पंगतीत ताईंचा आवाज ऐकू आला, "शेवटी उपाशीच गेला माझा बाप."

मी बादली खाली ठेवली. "ताई, उपाशी माणसाला भूक असते. मामांना भूकच नव्हती. आजारानं त्यांच्या डोक्यातली भूकच बंद केली होती. आणि तुम्ही नि मी त्यांची हनुवटी धरून त्यांच्या तोंडात रस्सा ओतला. ते सांगा ना सगळ्यांना."

एक म्हातारी म्हणाली, "बाई, जेवणाच्या वेळी कशाला हे?"

"मग कधी?" मी विचारलं. मी बादली उचलली आणि पुढच्या पानावर वरण वाढलं.

ताई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. नवरा म्हणतो, गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं. त्या बोलण्याचा मला पस्तावा नाही. चमच्याचा आहे, आणि तो कुणी समजावून जाणारा नाही.

यंदा पचनाचा धडा शिकवताना डॉक्टरबाईंनी सांगितलेलं, पुस्तकात नसलेलं सगळं मी फळ्यावर लिहिलं. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, माझी आज्जी बी जेवत न्हाई. मम्मी लय रागावती तिला." मम्मीला उद्या शाळेत पाठव, असं मी सांगितलं. मम्मी आली नाही. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मीच त्या मुलीबरोबर तिच्या घरी गेले.